जुगार कोणाचा?

जुगार मुळातच दोषास्पद आहे, की तो चालविणाऱ्याच्या हातावरून त्याचा दोष ठरतो? अमेरिकेच्या संघीय कायद्यांचा इतिहास वाचताना हा प्रश्न मनातून जाईना.

त्या देशात नीतिरक्षण हा राज्यांचा विषय. केंद्राच्या हाती टपाल, कर आणि आंतरराज्य व्यापार. म्हणून १८९५ साली काँग्रेसने लॉटरी बंद केली नाही. तिची तिकिटे एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यास मनाई केली. १९०३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. पाप जणू तिकिटात नव्हते, त्याने ओलांडलेल्या सीमेत होते!

पुढे १९५०-५१ मध्ये सिनेटर केफॉवर यांच्या समितीने जुगाराचा पैसा गुन्हेगारी टोळ्यांना कसा पोसतो, हे देशापुढे मांडले. १९६१ साली ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांच्या पुढाकाराने तारा व दूरध्वनीवरून पैजा घेणाऱ्या धंदेवाइकांविरुद्ध कायदा झाला. १९७० च्या कायद्याने पाच वा अधिक माणसांनी तीस दिवसांहून जास्त चालविलेला, किंवा एका दिवसात दोन हजार डॉलरची उलाढाल करणारा बेकायदा जुगारधंदा हा संघीय गुन्हा ठरविला. पैज लावणारा सामान्य माणूस मात्र त्यातून वगळला. हा विवेक मला मान्य आहे.

परंतु कायदा वाचताना आधी अपवाद पाहावेत, ही शासकीय सेवेतील माझी जुनी खोड. १९७० च्या कायद्यातला ‘बेकायदा’ म्हणजे राज्याने निषिद्ध मानलेला. आणि राज्ये तर स्वतःच या धंद्यात उतरत होती. न्यू हॅम्पशायरने शिक्षणाच्या खर्चासाठी १९६४ मध्ये लॉटरी काढली. १९७५ मध्ये न्यू जर्सीने रोजचा तीन आकड्यांचा खेळ सुरू केला. आकड्यांचा हा खेळ, आपल्या मटक्याचा सख्खा भाऊ, गरीब वस्त्यांतून टोळ्या कित्येक वर्षे चालवीत होत्या. त्याच वर्षी संघीय कायद्यातही राज्यांच्या लॉटऱ्यांना सवलत मिळाली.

टोळी वसुलीसाठी हाडे मोडते, सरकार शाळा चालविते. हा भेद खरा आहे, आणि मी तो हलका लेखत नाही. पण आकड्यावर रोजची मजुरी लावणाऱ्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटते की नाही, हे त्या भेदावर ठरत नाही. शिवाय टोळीला उघड जाहिरात करता येत नसे. सरकारला येते.

सेवेत असताना महसुलाचे उद्दिष्ट वाढविणाऱ्या टिपणींवर मीही सह्या केल्या. त्यांत जमेचे रकाने पुष्कळ असत. पैसे कोणाच्या घरातून येणार, याचा रकाना नसे. तो असावा, असे त्या वेळी मला सुचलेही नाही.