आईच्या ताटाची झडती थांबवा

लेकराच्या अंगावर पुरळ उठलं, छाती घरघरू लागली, की घरात पहिली झडती होते ती आईच्या ताटाची. "पोटुशी असताना शेंगदाणे खाल्ले असतील." "अंडं कशाला खायचं होतं?" अमरावतीच्या डफरीन किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयातून बाळाला घेऊन घरी आलेली बाळंतीण हे सारं मान खाली घालून ऐकते. हा अन्याय आहे, आणि तो थांबलाच पाहिजे.

अ‍ॅलर्जीच्या मुळाशी असलेलं 'आयजीई' हे प्रतिपिंड इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६६ साली ओळखलं. आईच्या रक्तातलं आयजीई वार ओलांडून बाळाकडे सहसा जात नाही. म्हणून जन्मावेळी नाळेच्या रक्तात ते जास्त आढळलं, तर बहुधा बाळाच्या शरीरानेच ते तयार केलेलं असतं. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पण हे भविष्य नव्हे. आयजीई जास्त असलेली कित्येक मुलं निरोगी वाढतात आणि कमी असलेल्या काहींना पुढे दमा होतो. म्हणूनच सरसकट प्रत्येक बाळाची ही तपासणी केली जात नाही.

गरोदरपणी दूध, अंडी, शेंगदाणे सोडल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळते, असं संशोधनात दिसलेलं नाही. उलट ज्या भागात कितीतरी गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी असतं, तिथे त्यांच्यापुढचं अंडं नि दाणे काढून घेणं म्हणजे पोटातल्या जिवाचाच घास काढणं आहे. गोठ्यालाही भ्यायचं कारण नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासांत गुराढोरांत वाढलेल्या मुलांमध्ये अ‍ॅलर्जी कमी आढळली आहे.

मग भ्यायचं कशाला? धुराला. तंबाखूच्या धुराने गर्भातच फुप्फुसांची वाढ खुंटते आणि पुढे मुलाला दम्याचा धोका वाढतो. बाई स्वतः बिडी ओढत नसली तरी नवऱ्याची बिडी तिच्या श्वासात उतरते. त्यात तुराट्या-पराट्यांवर पेटणारी चूल. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर आला, पण सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. त्यावर कडी म्हणजे बाळंतिणीची खोली. दारं-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी. नुकतं जन्मलेलं फुप्फुस हा धूर कसं सोसणार? ही धुरी मायेपोटीच देतात, पण मायेने दिला म्हणून धूर औषध होत नाही.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातली अंधश्रद्धा झाडली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या वऱ्हाडाने आता घरातली हवा स्वच्छ करावी. डोहाळजेवणाला ओटी भरण्याआधी नवऱ्याने बिडी सोडावी. सासूने शेगडी नि धुरी बंद करून खिडकी उघडावी. बाळाला तासाभरात आईचं दूध मिळावं आणि सहा महिने दुसरं काही नको, मधाचं बोटही नको. दाण्याचं कूट घालून शिजवलेला मऊ घास सहा महिन्यांनंतर बाळाला खुशाल द्यावा. अंगावर मोठा इसब असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

हे सारं करायला श्रीमंती लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की मूल आजारी पडलं तर एकट्या आईकडे बोट न दाखवता अख्ख्या घराने जबाबदारी घ्यावी, आणि त्यात पुरुषांनी आधी पुढे यावं.