सूर कोणाचा?

संगीत शरीरात असते की संकल्पात? ब्रिटिश ट्रम्पेटवादक क्लॅरेन्स अडू यांचे १९९५मधील मोटार अपघातानंतर खांद्याखालचे शरीर निकामी झाले. संगीतकार रोल्फ गेलहार यांनी त्यांच्यासाठी ‘हेडस्पेस’ हे वाद्य घडवले. त्यात मानेच्या हालचालीने स्वर निवडायचा आणि नळीत फुंकून तो वाजवायचा. वाद्यवृंद-संचालक चार्ल्स हेझलवूड यांनी २०११मध्ये अपंग वादकांना घेऊन स्थापन केलेल्या पॅराऑर्केस्ट्रात अशी डिजिटल वाद्ये पारंपरिक वाद्यांच्या जोडीने वाजली. त्यावर आक्षेप असा, की ध्वनी संगणकाचा, मग वादक कोण? पण चर्चमधल्या पाइप ऑर्गनचाही नाद बोटांचा नसतो. पट्टी दाबली की झडप उघडते आणि नळीत भात्याची हवा शिरते. वीज येण्यापूर्वी तो भाता दुसराच माणूस हलवत असे. म्हणून ऑर्गनवादक बाखचे वादकपण कोणी नाकारले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाद्य सोपे झाले तर साधना कशाची? साधनेला फक्त बोटांची कसरत मानले, तरच हा आक्षेप टिकतो. स्वर केव्हा लावायचा, किती लांबवायचा, सहवादकाला वाट देत कुठे थांबायचे, याची जाण कोणतेही उपकरण आयती देत नाही. तिला रियाजच लागतो. हे निर्णयही यंत्रच घेऊ लागले, तर उरते ती निव्वळ बटणदाबणी, एवढे आक्षेपकाचे म्हणणे मान्य करावे लागेल. म्हणून वादकाची पारख त्याच्या अवयवांवरून नव्हे, निर्णयांवरून व्हावी.