भावपूर्ण

चौकातला तो फ्लेक्स तुम्ही पाहिलाच असेल. न पाहून सांगता कुणाला, त्याच्यापलीकडचं काही दिसतच नाही! फर्स्ट शिफ्टला निघालेला पोरगा ज्या वळणावर कंटेनरखाली गेला, ते वळण आता त्याच्याच श्रद्धांजलीनं झाकलंय. पोराचा फोटो पासपोर्टएवढा. शोकाकुल मंडळी पंधरा-वीस. एकाला गॉगल, दुसऱ्याच्या कानाला मोबाईल. वर ठळक 'भावपुर्ण', त्यातही पु ऱ्हस्व. शोक करा, पण शुद्ध करा.

उतरवा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "भावना दुखावतील." कुणाच्या? पोराच्या आईला तर कुणी विचारलेलंही नाही. ही भावना मोठी चमत्कारिक. दहा बाय वीसपेक्षा लहान जागेत ती मावत नाही. मयताच्या घरी जायला तिला वेळ नसतो, दुभाजकावर मात्र मुक्काम ठोकते. निवडणुका जवळ आल्या की उचंबळते. खड्डा बुजवा, वळणावर दिवा लावा, अवजड गाड्यांच्या वेळा पाळा, असं सांगायला ती कधी कुठल्या कार्यालयाची पायरी चढलेली नाही. पण फ्लेक्सच्या दोरीला हात लावा, लगेच दुखावली! परवानगीशिवाय फलक लावणं 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. विद्रूपीकरण भावपूर्ण असल्यास माफ, असं कलम मला तरी सापडलेलं नाही. "परवानगी काढलीय" म्हणणारे ती दाखवत नाहीत आणि "उद्या काढतो" म्हणणाऱ्यांचा उद्या उजाडत नाही. 17 एप्रिल 2023 ला किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली, तेव्हाही हळहळ भरपूर झाली होती.

खरी भावना वेगळी असते. आपल्या चाकणवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या त्या टोकाला, नाशिकच्या तुरुंगात, 1933 साली साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तिला रडकी म्हणून नाकं मुरडणारे आजही भेटतात. असेल रडकी. पण विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपाशी बसला तो हाच हळवा माणूस, आणि तसा निर्णय झाल्यावरच त्यानं उपोषण सोडलं. नुसतं डोळ्यांना पाणी काय, चाकणच्या कांदा बाजारातही येतं.

तेव्हा मंडळी, रडा खुशाल, गॉगल घालून रडा. फक्त तेवढा वळणाकडचा फ्लेक्स आज रात्रपाळी सुटायच्या आत उतरवा.