हात धरून उठवणारा प्रभू



आजच्या शुभवर्तमानात संत मार्क आपल्याला पेत्राच्या घरी नेतो. पेत्राची सासू तापाने पडली आहे. घरचे लोक लगेच येशूला तिच्याविषयी सांगतात. येशू जवळ जातो, तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. ताप निघून जातो व ती पाहुण्यांच्या सेवेला लागते. घरच्यांनी सांगणे, प्रभूने हात धरणे आणि आजाऱ्याने पुन्हा पायांवर उभे राहणे, अशा तीन गोष्टी येथे घडतात. ११ फेब्रुवारीला, लुर्ड मातेच्या सणाला, आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली तो घोषित केला. त्यानिमित्त आपल्या वृद्ध रुग्णांचा विचार करूया.

‘वय झालं, आता असंच चालायचं,’ असे आपण सहज म्हणतो. परंतु म्हातारपण वेगळे आणि जर्जरपणा वेगळा. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली जर्जरपणाच्या पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोहून अधिक वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यातील तीन किंवा अधिक खुणा असलेला माणूस साध्या तापानेही कोलमडू शकतो. ही पारख कोणाला बाजूला सारण्यासाठी नाही. कोणते उपचार त्याला झेपतील आणि कशाने बळ येईल, हे ठरवण्यासाठी आहे.

येथे घरच्यांनी सांगणे मोलाचे ठरते. डॉक्टरांना कॉटवरचा रुग्ण दिसतो. दोन आठवड्यांपूर्वी आजोबा स्वतः आंघोळ करीत होते की नाही, चर्चला चालत येत होते की नाही, हे आपणच सांगू शकतो. ते किती वेळा पडले, किती जेवतात हेही सांगावे. सर्व गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, कारण काही औषधांनीच चक्कर व गुंगी येते. आजी अचानक असंबद्ध बोलू लागली तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा एखादे औषध हे त्याचे कारण असू शकते. नर्सला त्वरित कळवावे.

दुसरी गोष्ट हात धरण्याची. प्रेमापोटी आपण म्हणतो, ‘तुम्ही नुसते पडून राहा.’ परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस बिछान्यात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोने घटले. मग आजाऱ्याचे काय होत असेल! म्हणून डॉक्टरांची परवानगी असेल तर त्यांना खुर्चीत बसवून जेवू घालावे, हात धरून चार पावले चालवावे. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र घरी कपाटात राहू नये. डाळ, अंडी, मासे असे बळ देणारे अन्न डॉक्टरांना विचारून द्यावे.

तिसरी गोष्ट उठवण्याची. रुग्णांच्या अभ्यंगाला पुष्कळ जण अजूनही ‘शेवटचा’ अभ्यंग समजतात आणि आजारी माणूस बेशुद्ध होईपर्यंत फादरांना बोलवायला कचरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की, हा केवळ मरणाच्या दारातील लोकांचा संस्कार नव्हे. १९७२ च्या नव्या विधीनुसार, गंभीर आजार नसला तरी वार्धक्याने खूप शक्तिहीन झालेल्यांनाही हा अभ्यंग देता येतो. डॉक्टर ज्याला आज जर्जरपणा म्हणतात, त्याची दखल ख्रिस्तसभेने अशी घेतली आहे. आजी शुद्धीत असताना, तिला प्रार्थनेत ‘आमेन’ म्हणता येत असताना फादरांना बोलवावे.

सर्वच वृद्ध पूर्ण बरे होऊन घरी येतील असे नाही. येशूने पेत्रालाही सांगितले होते की, म्हातारपणी तुला दुसऱ्याच्या हाती जावे लागेल. तो दुसरा हात प्रेमाचा असावा, एवढे आपल्या हाती आहे. या आठवड्यात आपल्या वाडीतील एका वृद्धाला भेटूया, त्याच्यासोबत दाराबाहेर चार पावले चालूया.

हे प्रभो, पेत्राच्या घरी तू जो हात पुढे केलास, तोच हात आमच्या हातांतून आमच्या वृद्धांपर्यंत पोहोचू दे. आमेन.