मन लागत नसेल तरी नमाज?

आजचं वाचन: सूरह अल-मआरिज, आयत १९ ते ३५.

"मन लागत नाही, मग नुसती उठबस करून काय उपयोग? हे ढोंग नाही का?" हा प्रश्न आपल्यातले बरेच जण विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून तो टाळायला नको.

या आयतांचा क्रम बघा. आधी माणसाचा स्वभाव सांगितलाय: तो अधीर आहे, संकट आलं की हवालदिल होतो, बरे दिवस आले की हात आखडतो. मग लगेच अपवाद येतो तो नमाजींचा, आणि त्यांची पहिली ओळख म्हणजे ते आपल्या नमाजवर कायम असतात. 'ज्यांचं मन आधीच शांत आहे' अशी अट तिथे नाही. आपण मात्र उलटं करतो. मन शांत होऊ दे, मग पढू म्हणतो.

सवलतीही बघा. प्रवासात चार रकात फर्जच्या दोन होतात. आजारी माणूस बसून पढतो, तेही जमलं नाही तर पडल्या पडल्या इशाऱ्याने. पाणी नसेल तर तयम्मुम आहे. 'आज मूड नाही' यासाठी मात्र सवलत नाही. मला यात कडकपणापेक्षा दिलासा जास्त दिसतो. कोरडं मन घेऊन आलेल्यालाही दार उघडं आहे.

आणि ढोंग म्हणजे लोकांना दाखवायला करणं. सूरह अल-माऊनमध्ये नमाजविषयी गाफील असलेल्यांना कडक इशारा आहे. ते दिखावा करतात आणि साधी वापरातली वस्तूही कुणाला देत नाहीत. पहाटे कुणी बघत नसताना, डोळ्यांवर झोप असताना जो वुजू करतो, तो कुणाला दाखवतोय? तो आपला शब्द पाळतोय. आजारी आईला रोज वेळेवर औषध देताना दर वेळी प्रेम उचंबळून येतंच असं नाही. म्हणून ते देणं खोटं ठरत नाही.

मग सवयीवरच समाधान मानायचं का? नाही. २३ व्या आयतेत नमाजवर कायम राहणं आहे आणि ३४ व्या आयतेत नमाज जपणं. या दोन्हींच्या मध्ये आहेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा आपल्या मालातला हक्क, अमानत, दिलेलं वचन, खरी साक्ष. नमाज आपल्यात उतरतेय का, हे तिथेच कळतं.

एक व्यवहारातली गोष्ट. नोकरीवाल्यांची असर बरेचदा मीटिंगमध्ये अडकते. कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं अडवून ठेवा, पण ती वेळ अधूनमधून सरकवा. नमाजची वेळ सूर्यावर चालते. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि जानेवारीत सातच्या. वेळ आपल्या सोयीने ठरत नाही, आपण तिच्यामागे जायचं असतं. मनाचंही तसंच आहे. आपण वेळेवर उभं राहायचं, मन हळूहळू मागून येतं.

अल्लाह आपल्या सगळ्यांना नमाजवर कायम राहण्याची तौफीक देवो. आमीन.