आजचे चिंतन : ओल्या लाकडाचा धूर
(भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४८)



आपलं काम हीच देवाची पूजा, हे ४६व्या श्लोकात आपण पाहिलं. ऐकायला गोड वाटतं. पण कामात खोट असेल तर? आज भगवंत त्याचंच उत्तर देतात: वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी सोडू नये, अग्नीभोवती धूर असतो, तसा प्रत्येक कामाभोवती काही ना काही दोष असतोच.

मी पॉपकॉर्न भाजून विकतो. नवरात्रात जूचंद्रला चंडिकादेवीच्या डोंगराखाली गाडी लावतो. दाणे तडतडायला लागले की पोरं थांबतात, हट्ट धरतात. एखादी आई चिल्लर मोजते, परतीच्या रिक्षाचा हिशोब करते, मग पुडा घेते. तिच्या त्या पैशांवर माझी चूल पेटते. हा धूर मी कितीही प्रामाणिक राहिलो तरी जाणार नाही. तिचा पुडा नीट भरून देणं, एवढंच माझ्या हातात.

मग भगवंतांनी सगळंच माफ केलं का? नाही हो. चुलीपाशी वाढलेल्या कुणालाही विचारा, एक धूर जाळाबरोबर येतोच. दुसरा आपण ओलं लाकूड घातलं म्हणून येतो.

मक्याच्या टरफलाला बारीक चीर असली की आतली वाफ निसटते आणि दाणा फुटत नाही. असे गणंग प्रत्येक घाण्यात राहणारच. तो जाळाचा धूर. पण चाळणी न मारता ते पुड्यात जाऊ देणं, हे ओलं लाकूड. रात्री उरलेल्या लाह्या सादळतात. दुसऱ्या दिवशी त्या गरम करून खाली भरल्या आणि वर ताज्या पसरल्या, तर गिऱ्हाइकाला घरी पोचल्यावरच कळणार. हेही ओलं लाकूड. म्हणून गर्दी ओसरली की घाणा लहान टाकायचा, आणि तरी उरलं तर नुकसान आपण सोसायचं. ‘धंद्यात चालायचंच’ म्हणून या श्लोकाची ढाल करता येत नाही.

माऊली, तुम्ही शाळेत शिकवत असाल, रिक्षा चालवत असाल, घर सांभाळत असाल. आज एकदा आपल्या कामाकडे बघा. कोणता धूर जाळाचा, कोणता लाकडाचा? पहिला देवाच्या पायाशी ठेवा. दुसरं लाकूड आजच बाहेर ओढा.

आई चंडिके, हाताला काम दिलंस, आता ते काम स्वच्छ ठेवायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.