तुळशीपत्र आणि वर दक्षिणा

बस. उभा राहू नकोस, वेळ लागणार आहे. वर्गात मी इंग्रजीत बोलतो, स्टाफरूममध्ये बंगालीत. तुला मराठीत सांगतोय, म्हणजे 'सर, नीट कळलं नाही' म्हणायला जागा उरणार नाही. वडिलांची बदली बजबजच्या तेल डेपोत झाली म्हणून तू इथे आलास, आणि मराठी पोरगा म्हणून मी तुला जरा जास्तच जवळ केलं. त्याचा तू भलताच अर्थ काढलास.

हा कागद वाच. तुझ्या लॉगिनवरून मध्यरात्री ते पहाट एका नियतकालिकाचे अंकामागून अंक उतरवले गेलेत. मध्ये दम नाही, शोध नाही, एकही लेख उघडून पाहिलेला नाही. माणूस असं वाचत नाही. असं स्क्रिप्ट करते. आणि त्याच तासाला तुझंच नाव बजबजमध्येही आहे आणि परदेशातही. एका वेळी दोन देशांत राहायची विद्या तुला अवगत आहे का?

'मी फक्त पासवर्ड दिला होता.' फक्त! व्हॉट्सॲपच्या गटात दर ठरवून, यूपीआयने पैसे घेऊन दिलास. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यावर दक्षिणा घेणारा पहिलाच.

आता पुढे काय झालं ते ऐक, कारण तुला ते ठाऊकच नाही. तू घरून लॉगिन करतोस तेव्हा प्रकाशकाला तू दिसत नाहीस. त्याला दिसतो आपल्या प्रॉक्सी सर्व्हरचा आयपी पत्ता, आणि घरून वाचणारा प्रत्येक जण त्याच एका पत्त्यावरून जातो. प्रकाशकाच्या यंत्रणेला लूट दिसली की ती तो पत्ताच बंद करते. नाव शोधत बसत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. मग लायब्ररीतल्या दीदींनी प्रॉक्सीच्या नोंदी आणि प्रकाशकाने कळवलेल्या वेळा जुळवत तुझं नाव हुडकायचं, खुलासा लिहायचा, पुन्हा असं होणार नाही याची हमी द्यायची, आणि दार उघडायची वाट बघायची. तोवर संतोषपूरहून लोकलने येणारी, घरी मोबाइलवर प्रबंध लिहिणारी तुझ्याच वर्गातली मुलगी बंद पानासमोर बसून आहे. तिने काय केलं होतं?

वन नेशन वन सबस्क्रिप्शनचं नाव ऐकलंस ना? 1 जानेवारी 2025 पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 नियतकालिकं. पण पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी संस्था. आपलं कॉलेज खाजगी. त्या पंगतीत आपलं पान नाही. इथे जे मिळतं ते मुलांच्या फीमधून मिळतं, आणि त्यातलं तू विकलंस.

तोंड उघडू नकोस, ॲरन स्वार्ट्झचंच नाव घेणार आहेस. त्याने 2010 मध्ये एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टॉर या ऑनलाइन संग्रहातले लाखो लेख उतरवले. तेव्हा जेस्टॉरने काही दिवस सगळ्या एमआयटीचीच वाट बंद केली होती, हे तुझ्या लाडक्या गोष्टीत कोणी सांगत नाही. त्याच्यावर चाललेला खटला क्रूर होता, तो सव्विसाव्या वर्षी गेला, याचं मलाही दुःख आहे. पण त्याने कुणाकडून पैसे घेतले नव्हते. त्याचं नाव घेऊन धंदा करू नकोस.

प्रकाशक अव्वाच्या सव्वा किमती लावतात, हे मला मान्य. त्याविरुद्ध लढण्याचे रस्तेही आहेत. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवरचा प्रकाशकांचा दावा उच्च न्यायालयाने 2016 मध्ये फेटाळला. का? शिकवण्यासाठी उतारे काढायला कायद्यातच मुभा आहे म्हणून. तिथे विद्यार्थी आणि शिक्षक आपल्या नावानिशी कोर्टात उभे राहिले. तू मात्र आपलं नाव दुसऱ्यांना लपायला भाड्याने दिलंस. शिवाय आपला हा करार आहे: वाच, अभ्यासापुरतं उतरव, बाहेर देऊ नकोस, यंत्राने ओरपू नकोस. पहिल्या लॉगिनला 'मान्य' तूच दाबलंस.

आणि गरज होती म्हणावं, तर मागितलंस कुठे? प्रबंध शोधगंगेवर फुकट आहेत. नॅशनल डिजिटल लायब्ररी तर याच राज्यातल्या आयआयटी खरगपूरने उभी केली आहे. लेखकाला ईमेल केलं तर बहुतेक जण आपला लेख आनंदाने पाठवतात. दीदींकडे चिठ्ठी दिली तर त्या दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतात. यातलं एकही केलं नाहीस, कारण तुला लेख नको होते. गिऱ्हाइकं हवी होती.

तर आता. आज इथून उठायच्या आत पासवर्ड बदल. तो गट बंद कर, आणि ज्याचे त्याचे पैसे परत केल्याच्या पावत्या मला दाखव. उद्या लायब्ररी उघडताच दीदींसमोर जा आणि कुणाला काय दिलंस ते सहीनिशी लिहून दे; प्रकाशकाला खुलासा पाठवायला त्यांना तेच लागणार आहे. कॉलेजच्या शिस्त समितीसमोर तुझी बाजू मी मांडणार नाही. ती तू स्वतः मांड, खरी मांड. वडिलांना आज रात्री तू सांग. उद्या दुपारी मी फोन करेन, तेव्हा ही गोष्ट त्यांना पहिल्यांदा माझ्याकडून कळता कामा नये.